सकाळच्या रेडिओ कार्यक्रमाचा आठवड्याचा गोषवारा

शेतीविषयक ज्ञान खेड्यापर्यंत पोहोचविण्याची जी साधने आहेत, त्यांत रेडिओ हे अत्यंत स्वस्त आणि सुलभ साधन होय. रेडिओ ऐकण्यास अक्षरओळख लागत नाही, हातातील काम थांबवावे लागत नाही आणि वीज गेली तरी दोन सेलांवर तो चालू राहतो. म्हणूनच पहाटे गोठ्यात धार काढताना, जनावरांपुढे वैरण टाकताना किंवा चुलीपाशी भाकरी थापताना सकाळचा कार्यक्रम ऐकणारी घरे आजही खेडोपाडी आढळतात.

तथापि या साधनात एक मोठी उणीव आहे. बोललेला शब्द वाऱ्याबरोबर निघून जातो. बियाणे हेक्टरी किती सांगितले, औषधाचे प्रमाण ग्रॅममध्ये होते की मिलिलिटरमध्ये, पेरणीची शेवटची तारीख कोणती, हे धार काढून उठेपर्यंत निम्मे विसरलेले असते. दुपारी पारावर दोघे भेटले की एकाने एक ऐकलेले असते व दुसऱ्याने दुसरे. ऐकलेल्याचा उपयोग व्हावयाचा असेल, तर ते कोणी तरी लिहून ठेवले पाहिजे, गावाने एकत्र बसून ते पारखले पाहिजे आणि जे समजले नाही ते विचारले पाहिजे. आठवड्यातील सकाळच्या कार्यक्रमांचा एक पानी गोषवारा हा त्याचा सोपा मार्ग आहे. तो कसा करावा, याचा विचार माढा तालुका डोळ्यांपुढे ठेवून येथे केला आहे.

माढा तालुक्याची गरज

माढा तालुक्यात एकाच हवामानाखाली तीन प्रकारची शेती चालते. पश्चिमेच्या अंगाला भीमा नदी व 1980 मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण असल्याने टेंभुर्णीच्या बाजूस ऊस व केळी ही बागायती पिके दिसतात. पूर्वेच्या अंगाला सीना नदी वाहते व तिच्या काठी काळी, खोल जमीन आहे. या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात हलक्या, मुरमाड जमिनीचे माळ आहेत. तेथे रब्बी ज्वारी, हरभरा, तूर आणि जेथे विहिरीला थोडे पाणी आहे तेथे डाळिंब व बोर ही पिके घेतली जातात. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातील मोठा वाटा सप्टेंबर महिन्यात पडतो. त्यामुळे रब्बीची पेरणी ही येथे थोड्या दिवसांत साधावयाची गोष्ट असते. आठ दिवस चुकले तर वर्षभराची भाकरी व जनावरांचा कडबा दोन्ही उणे पडतात.

अशा तालुक्यासाठी रेडिओवरून सांगितलेला एकच सल्ला सर्वांना सारखा लागू पडत नाही. उसाला पाणी देण्याविषयीची सूचना माळावरच्या शेतकऱ्याच्या कामाची नसते, आणि जिरायत हरभऱ्याची पेरणीची तारीख बागायतदाराने पाळली तर त्याचे नुकसान होऊ शकते. निवड करणारे कोणी तरी गावातच असावे लागते.

दुसरी गरज संकटकाळाची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीस मोठा पूर आला आणि माढा तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरून पिके, जमीन व जनावरे यांची फार हानी झाली. एरवी अवर्षणाशी झुंजणाऱ्या तालुक्याला त्या वर्षी पाण्याच्या लोंढ्याशी झुंजावे लागले. पुराच्या वेळी वीज जाते, फोनची बॅटरी उतरते, रस्ता बंद होतो. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ आणि त्यावर ऐकलेले नेमकेपणाने चार घरी सांगणारा माणूस, या दोहोंची किंमत कळते.

पुणे येथील 1956 सालचा प्रयोग

नुसते ऐकणे आणि ऐकून एकत्र बसून चर्चा करणे यांत किती अंतर आहे, हे महाराष्ट्राच्या भूमीवरच एकदा मोजून पाहिले गेले आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने शेतकरी श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे एकंदर 20 कार्यक्रम दहा आठवड्यांत प्रसारित झाले.

प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक मंडळ होते. मंडळी ठरलेल्या वेळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि तो संपताच त्यावर चर्चा करीत. मंडळाचा चिटणीस चर्चेचे टिपण करून पुणे केंद्राकडे पाठवी. त्यातील प्रश्नांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. म्हणजे आवाज केवळ पुण्याहून गावाकडे येत नव्हता, तो गावाकडून पुण्याकडेही जात होता.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर गावकऱ्यांना तेच ते प्रश्न विचारण्यात आले. ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ दिसली. ज्या गावांत रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, आणि ज्या गावांत रेडिओच नव्हता, अशा गावांत वाढ अगदी थोडी होती. रेडिओ दोन्हीकडे तोच होता. फरक होता तो चर्चेचा आणि टिपणाचा. या यशामुळे 1959 पासून अशी मंडळे देशभर काढण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचे सूत्र मूळ कॅनडातील शेतकरी श्रोतेमंडळांच्या सूत्रावरून घेतलेले होते. कॅनडात ही मंडळे 1941 पासून 1965 पर्यंत चालली.

पुढे ही मंडळे ओसरली. टिपण लिहिणारा चिटणीस नाहीसा झाला की मंडळ केवळ श्रोत्यांचे उरते, आणि पाठविलेल्या टिपणास उत्तर येणे थांबले की चिटणीसही लिहिण्याचे सोडून देतो. आज नव्याने हे काम हाती घेणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गावचा रेडिओ

आकाशवाणीच्या केंद्राला अनेक जिल्ह्यांना पुरेल असे बोलावे लागते. एका लहान टापूपुरते, त्या टापूच्या बोलीत आणि तेथील लोकांनीच चालविलेले केंद्र असावे, या विचारातून सामुदायिक रेडिओ निर्माण झाला. भारतात 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर 2006 पासून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांना अशी केंद्रे चालविण्याची परवानगी मिळू लागली. या केंद्रांची शक्ती सामान्यतः 100 वॅटपर्यंत असते, त्यामुळे त्यांचा आवाज दहा किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत, असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास या केंद्रांना मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या मात्र आहेत तशा पुन्हा ऐकविता येतात. हवामान, पाणीपुरवठा, वीज, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांविषयीची माहिती देण्यास हरकत नाही. शेतकऱ्याला सकाळी हवे असते ते बहुतेक यातच येते.

माढ्याच्या शेजारच्या मुलखात याची चांगली उदाहरणे आहेत. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र 2008 मध्ये सुरू झाले. ग्रामीण स्त्रियांसाठी काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशन या संस्थेने ते काढले. बारामती येथे ‘वसुंधरा वाहिनी’ आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात जालिहाळ येथे ‘येरळावाणी’ ही केंद्रे आहेत. तेलंगणातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेले ‘संगम रेडिओ’ हे केंद्रही 2008 मधलेच. ही बहुतेक केंद्रे कमी पावसाच्या, कोरडवाहू टापूंत आहेत, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय.

म्हसवडच्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज माढ्यापर्यंत पोहोचत नाही. परंतु गोषवाऱ्याची पद्धत केंद्रावर अवलंबून नाही. सामुदायिक केंद्राच्या टप्प्यातील गावाने त्या केंद्राचा सकाळचा कार्यक्रम घ्यावा, इतर गावांनी आकाशवाणीची सकाळची सभा घ्यावी. रीत दोन्हीकडे तीच आहे.

गोषवारा कोणी व कसा लिहावा

गोषवारा लिहिणारी व्यक्ती शेतीतील तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. ती नियमित ऐकणारी, स्वच्छ लिहिणारी आणि आपल्या मनचे न घालणारी असावी. शाळेतील वरच्या वर्गाचा विद्यार्थी, बचत गटाची सचिव किंवा एखादा तरुण शेतकरी हे काम उत्तम करू शकतो. ग्रामकार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा ते पान तपासून द्यावे. लिहिताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. दररोज कार्यक्रम ऐकतानाच आकडे टिपून घ्यावेत. बाकीचा मजकूर नंतर लिहिला तरी चालतो, आकडा मात्र आठवणीने लिहू नये.

2. प्रत्येक सूचनेपुढे दिनांक आणि ती कोणी सांगितली ते लिहावे. कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञाने दिलेली शिफारस आणि एखाद्या शेतकऱ्याने सांगितलेला स्वतःचा अनुभव, या दोहोंचे मोल असले तरी त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या दिसाव्यात.

3. माप तपासावे. शिफारस बहुधा हेक्टरी असते आणि शेतकरी एकरात किंवा गुंठ्यात मोजतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर किंवा सुमारे शंभर गुंठे. हेक्टरी 10 किलो बियाणे सांगितले असेल, तर एकरी 4 किलो असे कंसात लिहावे. फवारणीचे प्रमाण दहा लिटर पाण्यास सांगितलेले असेल आणि गावातील पंप पंधरा लिटरचा असेल, तर औषध दीडपट लागेल हेही लिहावे.

4. टिकाऊ व नाशवंत माहिती वेगळी ठेवावी. बीजप्रक्रियेची रीत सर्व हंगामभर उपयोगी पडते. हवामानाचा अंदाज चार-पाच दिवसांत शिळा होतो. शिळा अंदाज फलकावर राहिला तर तो नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून कोणी फवारणी करील किंवा कापलेले पीक उघड्यावर टाकील. भारतीय हवामान विभागाचे कृषी हवामान सल्ले मंगळवारी व शुक्रवारी निघतात. नवा सल्ला येताच जुन्यावर काट मारावी.

5. नीट ऐकू आले नाही तेथे जागा मोकळी सोडावी व ग्रामकार्यकर्त्यास विचारून भरावी. अंदाजाने भरलेल्या एका आकड्याने उभे पीक जळू शकते. औषध वापरण्यापूर्वी डब्यावरील चिठ्ठी वाचावी, ही सूचना प्रत्येक पानाच्या तळाशी असावी.

6. पान एकच असावे. दोन पाने झाली की वाचणारे कमी होतात.

गोषवाऱ्याचा नमुना

माढा तालुक्यातील गावाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोषवारा लिहिला तर तो कसा दिसावा, याचा नमुना पुढे दिला आहे. यातील शिफारशी या भागातील पिकांसाठी प्रचलित असलेल्याच आहेत.

सोमवार, रब्बी ज्वारी. पेरणीचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्याआधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, नंतर पेरल्यास ओल कमी पडून उत्पन्न घटते. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावा. सुमारे 30 सेंटिमीटर खोलीच्या हलक्या जमिनीस फुले अनुराधा, 60 सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीस फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, त्याहून खोल जमिनीस फुले वसुधा किंवा फुले यशोदा. बियाणे हेक्टरी 10 किलो (एकरी 4 किलो). काणी रोग टाळण्यासाठी किलोस 4 ग्रॅम 300 मेश गंधक चोळावे (एकराच्या बियाण्यास 16 ग्रॅम). दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवावे. मध्यम जमिनीत हेक्टरी 40 किलो नत्र व 20 किलो स्फुरद पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने द्यावे (एकरी सुमारे 35 किलो युरिया व 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट).

मंगळवार, हवामान. नाशवंत माहिती. येत्या पाच दिवसांचा पाऊस, वारा व तापमान यांचे आकडे येथे लिहावेत. शुक्रवारी काट मारावी.

बुधवार, हरभरा. जिरायत पेरणी 10 ऑक्टोबरपूर्वी उरकावी. बागायत पेरणीस घाई करू नये, ती 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर या काळात करावी. मर रोगासाठी बियाण्यास किलोस 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. त्यानंतर 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यातून लावून बियाणे सावलीत सुकवावे. पुढे घाटे अळीवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत.

गुरुवार, डाळिंब. हस्त बहराच्या बागांसाठी. तेलकट डागाची फळे, पाने व काड्या बागेबाहेर नेऊन जाळाव्यात, बांधावर टाकू नयेत. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक द्रावणात बुडवावी. छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी 1 किलो मोरचूद व 1 किलो कळीचा चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून एकत्र करून 100 लिटर मिश्रण करावे. घासलेला लोखंडी विळा मिश्रणात बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

शुक्रवार, जनावरे. भिजलेला व बुरशी आलेला कडबा दुभत्या जनावरांस घालू नये. ताप, गळ्याला सूज किंवा घशात घरघर दिसताच घटसर्पाची शंका घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. हवामानाचा नवा सल्ला लिहून घ्यावा.

शनिवार, प्रश्नोत्तरे. प्रश्न: नदीकाठच्या शेतात गाळ बसला आहे व पाणी साचले आहे, ज्वारी केव्हा पेरावी? उत्तर: प्रथम चर काढून पाणी बाहेर काढावे. ओल्या चिखलात औत घालू नये, त्याने जमीन घट्ट होते. वाफसा आल्यावरच मशागत करावी. त्यास 15 ऑक्टोबर उलटत असेल तर पाण्याची सोय असलेल्यांनी हरभऱ्याचा विचार करावा. गाळाची माती परीक्षणासाठी पाठवावी.

या पानावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मालदांडी 35-1 हा वाण माढ्याच्या शेजारच्या मोहोळ येथील संशोधन केंद्राने दिलेला आहे, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून सोलापुरातच आहे. म्हणजे रेडिओवरून जो सल्ला लांबून आल्यासारखा वाटतो, तो पुष्कळदा आपल्याच मातीत तपासलेला असतो. गोषवाऱ्यात हे लिहिल्यास शेतकऱ्याचा विश्वास वाढतो, आणि शंका असल्यास कोठे जावे हेही कळते.

गोषवाऱ्याचे वाचन

पान लिहून फाईलला लावले तर त्याचा उपयोग शून्य. ते जेथे माणसे रोज येतात तेथे लागले पाहिजे. बहुतेक गावांत अशी जागा म्हणजे दूध संकलन केंद्र होय. ग्रामपंचायतीचा फलक, सोसायटीची कचेरी, देवळाचा पार या दुसऱ्या जागा. पानाचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकावे, म्हणजे वस्तीवर राहणाऱ्यांस ते मिळेल. परंतु फोनवरचे पान हे चर्चेची जागा घेऊ शकत नाही. आठवड्यातून एक वार व वेळ ठरवून ते मोठ्याने वाचावे. मंडळी पंधरा-वीस असली तरी पुरे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ नये.

वाचताना प्रत्येक सूचनेनंतर तीन प्रश्न विचारावेत. हे आपल्या गावात कोणत्या शिवाराला लागू आहे? त्यास लागणारे बियाणे, औषध किंवा अवजार कोठे मिळेल? या आठवड्यात कोण करून पाहणार? तिसऱ्या प्रश्नाला एकाचे तरी नाव आले पाहिजे. नाव आले की पुढील आठवड्याच्या बैठकीला विषय आपोआप मिळतो.

पारावरच्या बैठकीस स्त्रिया बहुधा येत नाहीत. परंतु बियाणे निवडणे, खुरपणी, शेळ्या-कोंबड्या सांभाळणे, दुभत्या जनावरांची देखभाल ही कामे मुख्यतः त्यांच्याच हातची आहेत. बुरशी आलेला कडबा घालू नये ही सूचना जिला पाळावयाची आहे, तिच्यापर्यंतच ती पोहोचली नाही तर वाचन व्यर्थ होय. यास्तव बचत गटाच्या बैठकीत त्याच पानाचे दुसरे वाचन ठेवावे आणि तेथे निघालेले प्रश्नही टिपून घ्यावेत.

गावातील जुन्या जाणत्या शेतकऱ्यांचे म्हणणे या बैठकीत अवश्य ऐकावे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे या मुलखात म्हणतात. रब्बी ज्वारीत तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करावी, ही कृषी विद्यापीठाची शिफारस त्याच अनुभवाला पुष्टी देते. कोळपणीने भेगा बुजतात, तण जाते आणि ओल टिकते. मोडनिंबजवळचे अरण हे संत सावता माळी यांचे गाव याच तालुक्यातील. मळ्यातील कामालाच भक्ती मानणाऱ्या संताच्या या भूमीत निगराणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

प्रश्न परत पाठविणे

कार्यक्रम करणाऱ्यांना गावाकडून नेमका प्रश्न गेला तरच नेमके उत्तर येते. ‘पिकावर रोग पडला आहे, उपाय सांगा’ या प्रश्नाचे उत्तर कोणताही तज्ज्ञ देऊ शकणार नाही. प्रश्नात पुढील माहिती असावी: पीक व वाण, पेरणीची किंवा बहर धरल्याची तारीख, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय, नेमके काय दिसते व केव्हापासून, शेताच्या किती भागात दिसते, आणि आतापर्यंत काय केले. एवढे सारे आठ-दहा ओळींत मावते. पत्र, फोन किंवा ध्वनिमुद्रित संदेश, यांपैकी केंद्र जे स्वीकारीत असेल त्या मार्गाने ते पाठवावे. त्याची एक प्रत कृषी विभागाच्या तालुका कार्यालयास द्यावी, म्हणजे रेडिओवरील उत्तराची वाट पाहण्यात पीक हातचे जाणार नाही. तातडीच्या रोगासाठी आधी कार्यालय व मग रेडिओ, हा क्रम ठेवावा.

उत्तर प्रसारित झाले की ते गोषवाऱ्यात विचारणाऱ्याच्या शिवाराच्या उल्लेखासह लिहावे. आपला प्रश्न रेडिओवर घेतला गेला, हे पाहून दुसरे चार जण विचारावयास पुढे येतात. पुणे येथील प्रयोगाचा जीव या येण्याजाण्यातच होता.

हंगामाची नोंदवही

गोषवाऱ्याची पाने एका वहीत लावून ठेवावीत व शेजारच्या पानावर तीन रकाने आखावेत: कोणती सूचना, कोणी करून पाहिली, काय घडले. ज्याला लाभ झाला नाही त्याचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे करावी. एकाच सूचनेचा काळ्या जमिनीत लाभ झाला आणि मुरमाड माळावर झाला नाही, ही गोष्ट कृषी अधिकाऱ्यास व शास्त्रज्ञास मोलाची असते. पुढील वर्षी त्याच महिन्यात वही उघडली की मागची चूक पुन्हा होत नाही.

दोन-तीन हंगामांनंतर अशा वहीचा आणखी एक उपयोग आहे. एखादी नोंदणीकृत संस्था, शिक्षणसंस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र तालुक्यात सामुदायिक रेडिओ काढू इच्छील, तर लोकांना काय ऐकावयाचे आहे, कोणते प्रश्न वारंवार येतात आणि कोण बोलू शकेल, हे सारे तिला वहीत तयार मिळेल. यंत्रे व मनोरा पैशाने उभे राहतात. दररोज सकाळी सांगावयाचा मजकूर मात्र गावातूनच यावा लागतो.

या कामास अनुदान लागत नाही. एक रेडिओ, एक वही, नियमाने लिहिणारा एक हात आणि आठवड्यातून अर्धा तास एवढेच पुरेसे आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील एक गाव निवडून येत्या रब्बी हंगामात याचा आरंभ करावा. शेतकरी बंधू-भगिनींनी ऐकलेला सल्ला आपल्या जमिनीशी ताडून पाहावा, आणि जे पटले नाही ते प्रश्न करून परत पाठवावे.